वाट कुणाची बघतोयस, ते तरी सांग!



बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि जरा चिडूनच लिहितोय, तेव्हा सांभाळून घ्या. विषय बघून आमची मावशी लगेच म्हणणार, "हे काय रे, परत ते कॉम्प्युटरचं?" हो मावशी, परत ते कॉम्प्युटरचंच. पण शेवटपर्यंत वाचलंस तर कळेल की हे कॉम्प्युटरचं कमी आणि माणसांचं जास्त आहे.

मी राहतो पालघरला आणि पोटासाठी जातो बोईसरला. तारापूर एमआयडीसीतल्या लहान-मोठ्या कारखान्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर बिघडले की मला बोलावणं येतं. आणि तिथे सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं असेल तर ते हे : "वर्ड हँग होतंय हो." फाईल उघडायला गेलं की पडदा पांढुरका होतो, वर कोपऱ्यात 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी पाटी लागते, माऊसच्या जागी ते गोल चक्र फिरत राहतं आणि समोरचा माणूस हात मांडीवर ठेवून बसतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. त्या वेळी तो प्रोग्राम बहुतेकदा हँग झालेला नसतो. दमलेला नसतो, आजारी नसतो, त्याला व्हायरस लागलेला नसतो. तो कुणाची तरी वाट बघत असतो. नेटवर्कवरच्या एखाद्या दुसऱ्या कॉम्प्युटरची, जो बंद आहे किंवा कधीच भंगारात गेला आहे. वाट बघण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही की वाट कुणाची बघतोय हे तो सांगत नाही. आणि या मुकेपणाची किंमत भरतो तो ऑफिसातला सगळ्यात खालचा माणूस.

आता हे कसं होतं ते जरा सोप्या भाषेत.

समजा एक कचेरी आहे आणि तिच्या खिडकीवर एकच कारकून आहे. लोकांशी बोलायचं त्यानेच, पावती फाडायची त्यानेच, आणि मागच्या खोलीतून फाईल आणायचीही त्यानेच. फाईल मागच्याच खोलीत असेल तर काही बिघडत नाही, एका मिनिटात येतो. पण फाईल दुसऱ्या गावाच्या कचेरीत असेल आणि हा पठ्ठ्या खिडकी तशीच सोडून तिकडे निघून गेला तर? रांगेतल्या लोकांना काय दिसतं? रिकामी खिडकी. तो कुठे गेला, कधी येणार, येणार की नाही, कुणालाच माहीत नाही. प्रोग्रामच्या आतही असाच एक मुख्य कारकून असतो. तुमच्या कळा ऐकणं, पडदा रंगवणं ही कामं त्याची. त्यालाच जर नेटवर्कवरची फाईल आणायला पाठवलं तर तेवढा वेळ खिडकी बंद. विंडोज पाच सेकंद वाट बघते, आणि तरी हा खिडकीवर आला नाही तर ती 'नॉट रिस्पॉन्डिंग'ची पाटी लावते. म्हणजे ती पाटी एवढंच सांगते, की खिडकीवर कुणी नाही. कारकून मेला, असं ती सांगत नाही. आपण मात्र तसंच समजतो आणि 'एंड टास्क' करून मोकळे होतो. अर्ध्या तासाचं टाईप केलेलं जातं ते तिथे.

आता हा कारकून जातो कुठे? इथे खरी गंमत आहे, कारण आपण त्याला कुठेच पाठवलेलं नसतं. आपण फक्त पत्र उघडलेलं असतं, तेही आपल्याच डेस्कटॉपवरचं. पण वर्डच्या प्रत्येक फाईलच्या पोटात ती कुठल्या टेम्प्लेटवरून केली त्याचा पत्ता लिहिलेला असतो. कंपनीच्या लेटरहेडचं टेम्प्लेट सर्व्हरवर ठेवलेलं असेल, तर त्यावरून तयार झालेलं प्रत्येक पत्र जन्मभर तो पत्ता खिशात घेऊन फिरतं आणि उघडताना एकदा तिकडे जाऊन दार वाजवतं. तीच गोष्ट लिंक करून लावलेल्या चित्रांची, एक्सेलमधून जोडलेल्या तक्त्यांची. हे झालं फाईलचं. प्रोग्रामच्या स्वतःच्या सेटिंगमध्येही असे पत्ते असतात : सगळ्यांसाठी ठेवलेल्या टेम्प्लेटचा फोल्डर, सुरू होताना लोड करायच्या गोष्टी, फाईल सेव्ह करायची ठरलेली जागा. शिवाय 'माय कॉम्प्युटर'मध्ये लाल फुली मारलेले ते नेटवर्कचे ड्राइव्ह. आणि शेवटचा, सहसा कुणाच्या लक्षात न येणारा गुन्हेगार म्हणजे डीफॉल्ट प्रिंटर. कागदावर ओळ कुठे मोडायची, पान कुठे संपायचं हे ठरवताना वर्ड प्रिंटरला विचारतं. तो प्रिंटर दुसऱ्या मजल्यावरच्या बंद कॉम्प्युटरला जोडलेला असेल तर झालं कल्याण!

आणि वेळ एवढा का लागतो? तर दार वाजवल्यावर आतून कुणी "नाही, इथे असं कुणी राहत नाही" म्हटलं तर माणूस लगेच परत येतो. सर्व्हर चालू आहे पण फोल्डर नाही, अशा वेळी हेच होतं, पटकन चूक दाखवली जाते. खरा घोळ होतो तो आतून काहीच आवाज आला नाही तर. विंडोजच्या जुन्या आवृत्त्यांत हिशेब असा होता : पहिली हाक मारायची आणि ३ सेकंद थांबायचं, दुसरी मारून ६ सेकंद, तिसरी मारून १२. झाले २१ सेकंद. हे झालं एका दाराचं. मग दुसऱ्या पद्धतीने हाक, मग नाव शोधायची तिसरी तऱ्हा, आणि फाईलमध्ये असे पत्ते चार असतील तर प्रत्येकाचं वेगळं. एक-दोन मिनिटं अशी सहज जातात. प्रोग्राम नियमाप्रमाणेच वागत असतो. फक्त तो नियम खिडकीसमोर बसलेल्या माणसाला कुणी सांगितलेला नसतो.

आता मला राग का आला ते सांगतो.

एका कारखान्यात (नाव कशाला हवं?) एक काकू आहेत. नोकरीत पंचवीसेक वर्षं झाली असतील. टाईपरायटरपासून सुरुवात केलेल्या, हात असा की बघत राहावं. गेटपासची पत्रं, माल पाठवल्याची पत्रं, सरकारी खात्यांना द्यायची उत्तरं, सगळं त्यांच्याकडे. गेली दोन वर्षं त्यांची प्रत्येक जुनी फाईल उघडताना अशी अडायची. दिवसाला तीस पत्रं धरा, दर वेळी चाळीस सेकंद धरा, वीस मिनिटं झाली. वीस मिनिटं म्हणजे आमच्याकडे काय हे डहाणू लाईनवाल्यांना सांगायला नको. ती गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत फलाटावर उभं राहा, आणि घरी स्वयंपाकाला तेवढा उशीर.

पण गाडीचं सोडा. ऑफिसात एक नवीन मुलगा लागला होता. त्याचं वर्ड कधी अडायचं नाही. झालं, साहेबांनी निष्कर्ष काढला : मुलगा हुशार, काकूंना आता कॉम्प्युटर झेपत नाही, वय झालं. हळूहळू काकूंची निम्मी कामं मुलाकडे गेली. पगारवाढीच्या वेळी "कामाचा वेग कमी" असं तोंडावर ऐकवलं गेलं. काकू मला म्हणाल्या, "काय सांगू दादा, मला वाटायला लागलं होतं की माझंच काहीतरी चुकतंय. मी कळच जोरात दाबते की काय!"

कारण काय निघालं? कारखान्याचा जुना सर्व्हर दोन पावसाळ्यांपूर्वी काढून टाकला होता. नवीन आणला, त्याला नवीन नाव दिलं, फायली तिकडे हलवल्या आणि जुनं डबडं भंगारात घातलं. लेटरहेडचं टेम्प्लेट होतं त्या जुन्यावर. काकूंची सगळी पत्रं त्यावरून केलेली, त्यामुळे प्रत्येक पत्र उघडताना त्या भंगारात गेलेल्या सर्व्हरचं दार वाजवत होतं. नवीन मुलाने आपली पत्रं कोऱ्या पानावर नव्याने केली होती, म्हणून त्याच्या खिशात तो पत्ताच नव्हता. काकू सावकाश नव्हत्या. काकूंकडे जुनं काम होतं, एवढाच त्यांचा गुन्हा.

दुरुस्ती एका दुपारची. फायलींना जोडलेलं टेम्प्लेट बदलून दिलं, काकूंचं वर्ड मुलाच्या वर्डसारखंच उघडायला लागलं. साहेब म्हणाले, "चला, कॉम्प्युटर ठीक झाला." काकूंना कुणी काही म्हटलं नाही. गेलेली कामंही परत आली नाहीत.

मंडळी, माझा राग आहे तो इथे. मशीनने जर त्या चाळीस सेकंदांत एकच ओळ दाखवली असती, की "अमुक सर्व्हरवरच्या लेटरहेडची वाट बघतोय, तो उत्तर देत नाही", तर दोन वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी शिपायालाही कळलं असतं की दोष कुणाचा. ती ओळ नव्हती, म्हणून दोष काकूंच्या वयावर गेला. यंत्र गप्प बसलं की समोरच्या माणसावर ठपका येतो, आणि तो माणूस सहसा असा असतो ज्याला उलट बोलता येत नाही.

अशा वेळी ऑफिसांत जे उपाय सुचवले जातात तेही बघा. पहिला : "मशीन जुनं झालं, नवीन घ्या." नवीन मशीन बंद सर्व्हरची वाट तितकीच बघेल. फार तर चक्र जास्त सुबक फिरेल. दुसरा : "फॉरमॅट मारा." फॉरमॅट मारल्यावर प्रोग्रामच्या सेटिंगमधले पत्ते जातीलही, पण फाईलच्या पोटातला पत्ता फाईलबरोबर परत येतो. पैसे मात्र गेले. तिसरा : "रॅम वाढवा." अहो, पाहुणा आलाच नाही तर घरातल्या खुर्च्या वाढवून काय उपयोग? हे तिन्ही उपाय विकले जातात कारण ते विकता येतात. "एक पत्ता बदला" याचं बिल किती लावणार?

माझा एक मित्र प्रोग्राम लिहितो. त्याच्याशी यावर बराच वाद झाला. त्याचं म्हणणं असं : "तुला वाटतं तितकं सोपं नाही. नेटवर्कवर पलीकडचा मेलाय की नुसता सावकाश आहे हे अलीकडून खात्रीने कळत नाही. घाई केली तर एखाद्या हळू पण चालू सर्व्हरवरची फाईल 'नाही' म्हणून दाखवली जाईल, मग तूच शिव्या देशील." त्याचं बरोबर आहे. हा प्रश्न खरोखर अवघड आहे, मोठमोठ्या लोकांनी त्यावर डोकं घातलं आहे. लेस्ली लॅम्पोर्ट या संशोधकाने १९८७ मध्येच एका ईमेलमध्ये गमतीने म्हणून ठेवलं होतं, त्याचा भावार्थ असा, की जो कॉम्प्युटर अस्तित्वात आहे हेही तुम्हाला माहीत नव्हतं तो बंद पडल्याने तुमचा कॉम्प्युटर निकामी होतो, तेव्हा समजावं की आपण वितरित प्रणाली वापरतोय. आणि सन कंपनीतल्या पीटर डॉइच यांनी १९९४ च्या सुमारास नेटवर्कवर काम करणाऱ्या प्रोग्रामरांचे जे गोड गैरसमज गोळा केले, त्यांत पहिलाच होता, "नेटवर्क भरवशाचं असतं." म्हणजे ही गोष्ट धंद्यातल्या लोकांना तीस-चाळीस वर्षं माहीत आहे!

पण मित्राच्या म्हणण्यातून निष्कर्ष काय निघतो? पलीकडचा मेलाय की नाही हे कळत नाही, कबूल. पण आपण थांबलोय आणि अमक्यासाठी थांबलोय, हे तर कळतं ना? ते सांगायला काय होतं? उलट खात्री नसेल तेव्हाच विचारायला हवं : "आणखी थांबू, की याच्याशिवाय उघडू?" निर्णय माणसाला घेऊ दे. लेटरहेडचं टेम्प्लेट मिळालं नाही म्हणून आत लिहिलेला मजकूर वाचता येत नाही असं थोडंच आहे? मजकूर तर फाईलमध्येच आहे. शेवटी दोन मिनिटांनी तो टेम्प्लेटशिवायच उघडतो की!

आमच्या भागातलीच दोन उदाहरणं देतो.

पहिलं रेल्वेचं. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत वर्षानुवर्षं दोनच रूळ. लोकल त्यावरच, मेल-एक्सप्रेस त्यावरच, मालगाडी त्यावरच. वैतरणा की सफाळ्याला एक मालगाडी अडली की मागे सगळं अडलं. चौपदरीकरणाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, ती यासाठीच. प्रोग्रामचंही तसंच आहे : टाईप करणं आणि नेटवर्कवर जाणं एकाच रुळावर ठेवलं की एक मालगाडी सगळ्यांना थांबवते. रूळ वेगळे करणं हा इलाज, आणि प्रोग्राममध्ये तो करायला भूसंपादन लागत नाही. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, आपण रेल्वेला कितीही शिव्या घातल्या तरी ती निदान भोंग्यावरून सांगते की अमुक गाडी इतकी मिनिटं उशिरा धावतेय. मग माणूस ठरवतो : चहा प्यायचा, रिक्षा बघायची की घरी परत जायचं. घोषणेने गाडी लवकर येत नाही. पण फलाटावरच्या माणसाचा वेळ त्याचा त्याला परत मिळतो.

दुसरं अणुवीज केंद्राचं. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. अशा ठिकाणच्या सुरक्षा यंत्रणांचं एक मूळ तत्त्व असतं : मोजणाऱ्या उपकरणाकडून सिग्नल येईनासा झाला किंवा त्याची वीज गेली, तर "बघू, येईल थोड्या वेळाने" म्हणून थांबायचं नाही, सुरक्षित बाजूला जायचं आणि धोक्याची सूचना द्यायची. आधी ठरवून ठेवलेलं असतं की खबर आली नाही तर काय करायचं. तिथे सुरक्षित बाजू म्हणजे भट्टी थांबवणं. पत्र लिहिणाऱ्या प्रोग्रामची सुरक्षित बाजू कुठली? लिहिणाऱ्याला लिहू देणं आणि लिहिलेलं आपल्याच डिस्कवर जपून ठेवणं. म्हणजे बोईसरच्या रस्त्याच्या एका बाजूला हा विचार साठच्या दशकात पोचला होता, आणि दुसऱ्या बाजूच्या ऑफिसातल्या टेबलावर तो अजून यायचाय.

कुणी म्हणेल, आता सर्व्हरचा जमाना गेला, सगळं क्लाऊडवर, हा प्रश्नच राहणार नाही. मला उलट वाटतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं की विंडोजवरच्या वर्डमध्ये नवीन फाईल आपोआप क्लाऊडवरच सेव्ह होण्याची व्यवस्था येतेय. सेटिंग बदलता येतं हे खरं. पण सेटिंग कोण बदलतो? म्हणजे कालपर्यंत वाट शेजारच्या खोलीतल्या डबड्याची बघायची होती, आता सातासमुद्रापलीकडच्याची. २००८ च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या केबल तुटल्या तेव्हा अख्ख्या देशाचं इंटरनेट रांगत होतं, ते आठवतंय ना? क्लाऊडला माझा विरोध नाही. त्यात फाईलची एक प्रत आपल्या मशीनवर ठेवून काम करायची सोय असते, ती चांगलीच आहे. पण जागा बदलली म्हणून सवय बदलत नाही. न सांगता वाट बघायची सवय तशीच राहिली तर मोठ्या सर्व्हरची वाटही मुक्यानेच बघितली जाईल.

या मुकेपणाला आणखी एक बाजू आहे, आणि ती गमतीची नाही. फाईल उघडल्याबरोबर, तुम्हाला न सांगता, बाहेरच्या पत्त्यावर जाऊन काहीतरी आणते, ही सोय चोरांनाही आवडते. टेम्प्लेटच्या जागी स्वतःच्या सर्व्हरचा पत्ता लिहून फाईल पाठवायची ही युक्ती हल्लेखोरांनी अनेकदा वापरली आहे. २०२२ च्या मे महिन्यात 'फोलिना' नावाने गाजलेला दोष याच घराण्यातला, वर्डच्या फाईलमधला बाहेरचा दुवा वापरून घुसणारा. "मी अमुक पत्त्यावर जातोय, जाऊ का?" एवढं विचारणं ही सभ्यता तर आहेच, सुरक्षाही आहे.

नुसतं ओरडून उपयोग नाही, तेव्हा ज्यांचं वर्ड आज अडतंय त्यांच्यासाठी माझी रोजची पद्धत लिहितो. नातेवाईकांनी हा भाग फोनवर परत विचारू नये :)

सगळ्यात आधी नेटवर्कची वायर काढा किंवा वायफाय बंद करा आणि तीच फाईल उघडा. झटकन उघडली तर गुन्हेगार नेटवर्कवरच आहे. कारण वायरच नाही म्हटल्यावर मशीनला लगेच कळतं की जायला रस्ताच नाही, मग ते बहुतेक वेळा वाट बघत बसत नाही. या एका चाचणीने नवीन मशीनचा खर्च वाचतो.

मग बघा, अडतं कुठे. कोरी फाईल लगेच उघडते पण ठरावीक फाईलच अडते? मग त्या फाईलचं टेम्प्लेट आणि लिंक तपासा. डेव्हलपर टॅबमध्ये 'डॉक्युमेंट टेम्प्लेट' असतं (जुन्या आवृत्तीत टूल्स मेनूत), तिथे जुन्या सर्व्हरचा पत्ता दिसला तर तो काढून 'नॉर्मल' लावा. जोडलेली चित्रं आणि तक्ते 'एडिट लिंक्स'मध्ये सापडतात. फाईल डॉकेक्स प्रकारची असेल तर ती खरं म्हणजे एक झिप असते. तिची प्रत काढून नावाचा शेवट झिप करा आणि आत डोकवा, पत्ते साध्या अक्षरांत लिहिलेले दिसतील.

फाईल नाही, 'ओपन'ची खिडकीच अडते? मग लाल फुलीवाले नेटवर्क ड्राइव्ह डिस्कनेक्ट करा आणि अलीकडच्या फायलींच्या यादीतून मेलेले पत्ते काढा. वर्ड सुरू होतानाच अडतं? कंट्रोलची कळ दाबून धरून वर्डच्या चिन्हावर क्लिक करा, सेफ मोडमध्ये सुरू होईल. तसं नीट चाललं तर ऑप्शन्समधल्या 'फाईल लोकेशन्स' आणि ॲड-इन तपासा. टाईप करताना मधेच अडतं? डीफॉल्ट प्रिंटर बदलून बघा. आणि नेटवर्कवरच्या फायली रोज वापरत असाल तर वर्डच्या ऑप्शन्समध्ये 'ॲडव्हान्स्ड'खाली दूरच्या फाईलची प्रत आपल्या मशीनवर ठेवून काम करायचा पर्याय आहे, तो चालू करा. सर्व्हर मधेच गेला तरी लिहिलेलं हाताशी राहतं.

आणि हे सगळं करायच्या आधी, पडदा पांढरा झाल्या झाल्या 'एंड टास्क' करू नका. दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. प्रोग्राम बहुतेकदा परत येतो. घाईने मारलात तर टिल्डे आणि डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारी एक लपलेली फाईल मागे राहते, आणि पुढच्या वेळी वर्ड सांगतं की ही फाईल दुसरं कुणीतरी वापरतंय. ते दुसरं कुणीतरी म्हणजे मघाचे तुम्हीच!

आता ऑफिसवाल्यांना दोन शब्द. सर्व्हर काढून टाकणं म्हणजे खुर्ची बदलणं नव्हे. त्याचं नाव शेकडो फायलींच्या खिशात असतं. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्यानंतरही आमच्याकडे "तालुका पालघर, जिल्हा ठाणे" लिहिलेली पत्रं येत राहिली. ती परत गेली नाहीत, कारण पोस्टमनला गाव माहीत आहे आणि पिनकोड ४०१४०४ तोच आहे. मशीनला हे शहाणपण नसतं. जुन्या नावाने हाक मारली तर तिला नवं दार सापडत नाही. म्हणून हे शहाणपण माणसाने दाखवायचं : नव्या सर्व्हरने काही वर्षं जुन्या नावालाही ओ द्यावी अशी सोय करता येते, ती करून ठेवा. निदान जुनं डबडं भंगारात घालण्याआधी एक आठवडा नुसतं बंद ठेवून बघा, कोण कोण अडतं ते. आणि अडलेल्याला "तुम्ही काय दाबलंत?" असं विचारू नका. "काय दिसलं?" असं विचारा. पहिल्या प्रश्नात आरोप आहे, दुसऱ्यात तपास आहे.

प्रोग्राम बनवणाऱ्यांकडे माझी मागणी फार मोठी नाही. वाट बघा, पण खिडकी उघडी ठेवून बघा. पाच सेकंदांनी पाटी लावताच आहात, तर तिच्यावर नाव लिहा. आणि शेजारी एक बटण ठेवा, "याच्याशिवाय चालेल". मोठमोठ्या सोयी दर वर्षी येतात, आता तर पत्रंही मशीनच लिहून देतं म्हणतात. त्यात ही एक ओळ बसत नाही?

काकूंसारखी माणसं प्रत्येक ऑफिसात आहेत. त्यांना मशीनचं आतलं कळत नाही, आणि कळायचं कारणही नाही. आपल्याला टाईप करायला ठेवलंय, सर्व्हर शोधायला नाही, हे त्यांना पक्कं माहीत असतं. पण मशीन गप्प बसलं की त्या स्वतःलाच दोष द्यायला लागतात, आणि वरच्यांना ते सोयीचं पडतं. तेव्हा उद्या तुमच्या ऑफिसात कुणी "वर्ड हँग होतंय" म्हणालं, तर त्यांच्या वयाकडे बघायच्या आधी भिंतीतली ती निळी वायर काढून बघा.

असो. फार लांबलं.